लोकलच्या डब्यातील चिठ्ठी आणि क्लैब्याच्या कारणांचा इतिहास

अंधेरी-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंडच्या लोकलने जाणाऱ्यास डब्याच्या भिंतीवरील ती चिठ्ठी परिचित आहे. ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी कमजोरी’ आणि खाली एक फोन नंबर. ताठरता न येण्याचे कारण तेथे बहुधा एकच गृहीत धरलेले असते : तारुण्यातील ‘चुका’, म्हणजेच वीर्यनाश. हे एकच कारण आले कुठून, हा आजच्या धाग्याचा विषय.

‘आपल्या प्राचीन शास्त्रातून’ हे उत्तर सहज दिले जाते. परंतु सुश्रुतसंहितेचे चिकित्सास्थान उघडून पाहा. तेथे क्लैब्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि पहिला आहे मानस : मनाला लागलेला घाव, नावडत्या स्त्रीचा संग. त्यानंतर आहारदोष, अतिसंभोगाने होणारा शुक्रक्षय, इंद्रियाचा रोग किंवा मर्मावरील आघात आणि जन्मजात दोष येतात. सहावा प्रकार तर चिठ्ठीवाल्यांची पंचाईत करणारा आहे. बलवान पुरुषाने क्षुब्ध मनाने, ब्रह्मचर्यापोटी वासना रोखून धरली, तर त्यानेही क्लैब्य येते! शुक्रक्षय हे सहांपैकी केवळ एक कारण होते.

मग उरलेली पाच कारणे मागे कशी पडली? युरोपात तिसो या स्विस वैद्याचा हस्तमैथुनाच्या ‘दुष्परिणामां’वरील फ्रेंच ग्रंथ १७६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि ती भीती पुढे दीडशे वर्षे वैद्यकशास्त्राच्या नावाने जगभर फिरली. आपल्याकडील धातुक्षयाच्या समजुतीशी तिचे सहज जुळले. छापखाने आणि वृत्तपत्रे आल्यावर या भीतीला बाजारपेठही मिळाली. शक्तिवर्धक औषधे विकणाऱ्यास सहा कारणे परवडत नाहीत. त्याला एकच हवे असते, आणि तेही ग्राहकाला लाज वाटेल असे.

या बाजाराला मराठीत थेट आव्हान दिले र. धों. कर्वे यांनी. जुलै १९२७ मध्ये त्यांनी मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. हस्तमैथुनाने पौरुष नष्ट होते ही समजूत त्यांना निराधार वाटे आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना ते छापील उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, लोक प्रश्न विचारतात तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. (‘ध्यासपर्व’ हा चित्रपट पाहिला नसेल, तर जरूर पाहा.)

कर्व्यांनी खोटे कारण खोडून काढले. खऱ्या कारणाचा शरीरातील मार्ग मात्र त्यांच्या हयातीत कोणालाच पुरता ठाऊक नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर बहुतेक तज्ज्ञ सारा दोष मनावर टाकीत. हे चित्र पालटले ते १९८० च्या दशकात. १९८३ मध्ये लास वेगास येथील परिषदेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वतःला औषध टोचून घेतले आणि व्यासपीठावरच परिणाम दाखवला. सभागृहाची काय अवस्था झाली असेल, ती कल्पनेवर सोडतो. पण रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल झाले की पुरे, कामोद्दीपनाचीही गरज नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

पुढे नायट्रिक ऑक्साइडचे कार्य उलगडले. मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर हा वायू सोडतात, स्नायू सैल होतात, रक्त भरते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू नेमके हेच अस्तर बिघडवतात. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्याने बिघाड तेथे आधी जाणवू शकतो. म्हणूनच डॉक्टर आज या तक्रारीकडे हृदयविकाराची पूर्वसूचना म्हणूनही पाहतात. काही औषधे, संप्रेरकांची कमतरता, नैराश्य आणि चिंता हीही कारणे आहेतच. मानस क्लैब्य रद्द झालेले नाही.

लैंगिक दुर्बलतेवरील औषधांच्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. चिठ्ठी तरीही डब्यात आहे. तिच्यावरचा नंबर फिरवणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाची रक्तातील साखर मात्र पलीकडून कोणी विचारत नाही.