तालरचनेतील ध्वनिनमुने : यंत्र व आज्ञावली

तालरचनेतील ध्वनिनमुने : वाद्यावरील एखादा आघात किंवा लहानसा ध्वनिखंड अंकीय स्वरूपात मुद्रित करून त्याच्या नियोजित पुनरावृत्तीतून ताल उभारण्याची पद्धती. अशा मुद्रित खंडास ध्वनिनमुना म्हणतात. या पद्धतीची दोन साधने रूढ आहेत : स्वतंत्र यंत्र (सॅम्पलर) आणि संगणकावर चालणारी आज्ञावली (सॉफ्टवेअर). यांतील निवडीचा प्रश्न केवळ ध्वनिमुद्रणगृहापुरता मर्यादित नाही. नागझिरा अभयारण्याभोवतालच्या गोंदिया-भंडारा प्रदेशापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या झाडीपट्टी रंगभूमीसारख्या, जिवंत साथीवर आधारलेल्या नाट्यपरंपरेतही तो उपस्थित होतो.

प्रारंभीची तालयंत्रे विद्युत् मंडलांद्वारे कृत्रिम ध्वनी निर्माण करीत. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे त्या प्रकारचे यंत्र होय. मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर आधारित ध्वनिमुद्रिकेसाठी त्याचा उपयोग केला. प्रत्यक्ष ढोलांचे अंकीय नमुने वापरणारे पहिले तालयंत्र एलएम-१ हे रॉजर लिन या अमेरिकन अभियंत्याने १९८० मध्ये तयार केले. मात्र त्यातील ध्वनी ठरीव होते. ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० (१९८७) या यंत्रात वादकाला स्वतःचे ध्वनी भरता येत. त्याची क्षमता १२ बिट, प्रतिसेकंद सु. २६,००० मापने आणि एकूण सु. १० सेकंद एवढीच होती. लिन यांच्याच आराखड्यानुसार आकाई कंपनीने १९८८ मध्ये एमपीसी-६० हे यंत्र काढले. त्यावरील सोळा चौकोनी पट्ट्या बोटांनी वाजविता येत. त्यामुळे नमुनायंत्राला वाद्याचे रूप प्राप्त झाले. अपुऱ्या स्मृतीमुळे रचनाकारांना ध्वनिखंड आखूड करावे लागत आणि त्यातूनच एक विशिष्ट खरखरीत नादशैली घडली.

वैयक्तिक संगणकाची शक्ती वाढली, तशी ही सर्व कामे आज्ञावलीत सामावली. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही प्रणाली आणली. बेल्जियममध्ये तयार झालेली फ्रूटीलूप्स ही आज्ञावली १९९७ मध्ये आणि जर्मनीतील एबलटन लाइव्ह ही २००१ मध्ये प्रसृत झाली. स्मृतीची टंचाई संपली, खर्च घटला आणि प्रत्येक आघात पडद्यावर पाहून दुरुस्त करणे शक्य झाले. तथापि, आज्ञावलीत विलंबाची अडचण असते. संगणक २५६ मापनांच्या तुकड्यांनी ध्वनी हाताळत असल्यास, प्रतिसेकंद ४४,१०० मापनांच्या वेगाने, या एकाच टप्प्यात सु. ५·८ मिलिसेकंद जातात. इतर टप्प्यांचा विलंब त्यात मिळतो. आधी रचून ठेवलेल्या तालाला याची बाधा होत नाही. हाताने वाजविणाऱ्याला मात्र एकूण विलंब वाढताच तो जाणवतो.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने गावोगावी उभारलेल्या मंडपांत रात्रभर प्रयोग चालतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाटकमंडळ्यांचे प्रमुख केंद्र होय. संगीताच्या साथीत ऑर्गन व तबला यांचे स्थान जुने असून पुढे त्यांत ऑक्टोपॅडची भर पडली. ऑक्टोपॅड हे मूळ रोलँडच्या १९८५ मधील आठ पट्ट्यांच्या वाद्याचे नाव. भारतात ते त्या जातीच्या सर्वच वाद्यांना पडले. मूळ वाद्यात स्वतःचा ध्वनी नव्हता. ते जोडलेल्या यंत्रास केवळ संदेश देई. पुढील प्रतिमानांत अंगभूत ध्वनी आले आणि एसपीडी-एस (२००३) सारख्या प्रतिमानांत वादकाला स्वतःचे नमुने भरण्याची सोय झाली.

रंगमंचावरील साथीत ताल नटामागे चालतो. गायक नटाने पद लांबविले, प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिला किंवा विनोदी प्रवेशात हशा लांबला, तर साथीदारास लय तत्क्षणी सावरावी लागते. आधी रचलेला संगणकीय ताल ही लवचिकता सहजी देत नाही. उलट नटालाच तालाच्या मागे धावावे लागते. म्हणून येथे हाताने वाजविण्याचे यंत्र अधिक सोयीचे ठरते. पूर्वतयारीचे पार्श्वसंगीत किंवा ध्वनिमुद्रण यांसाठी मात्र आज्ञावलीचा लाभ निर्विवाद आहे.

दोन्ही साधनांपुढील एक मर्यादा समान आहे. पाश्चात्त्य यंत्रांची मूळ मांडणी चार मात्रांच्या गटांवर व सोळा घरांवर बेतलेली असल्याने आठ मात्रांचा केरवा तीत सहज बसतो. सात मात्रांच्या रूपकासाठी किंवा दहा मात्रांच्या झपतालासाठी ती मुद्दाम बदलावी लागते. त्याहून कठीण प्रश्न डग्ग्याच्या घुमाऱ्याचा आहे. मनगटाच्या दाबाने त्याचा स्वर सतत चढतो-उतरतो. त्यामुळे एका आघाताचा नमुना पुनःपुन्हा वाजविल्यास तो निर्जीव वाटतो. अनेक नमुने घेऊन हा दोष कमी करता येतो. परंतु ते घेण्यासाठी कसलेला तबलजीच लागतो. साथीला केवळ तयार नमुने पुरेसे मानले गेले, तर असा वादक घडविणारी रात्रभराच्या साथीची तालीमच क्षीण होईल आणि पुढील पिढीला नमुना घेण्याजोगा हातही उरणार नाही. यंत्र की आज्ञावली, या निवडीपेक्षा त्या हाताची जोपासना अधिक महत्त्वाची ठरते.