पिशवीची पहिली पायरी

गेल्या मे महिन्यांत माझी पुतणी मुंबईहून मालवणास आली, ती खांद्याला एक नवी चामड्याची पिशवी अडकवून. नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या शिलकेंतून तिनें ती घेतली होती. नव्वदीला टेकलेल्या आमच्या मातोश्रींनीं पिशवी उलटसुलट करून पाहिली, किंमत विचारली आणि म्हणाल्या, "ह्या पिशयेक सोन्याची तार लायली हा काय गो?" सर्वजण हंसले, मीही हंसलों. पुतणी मात्र हंसली नाहीं. रात्रीं पडवींत ती मला म्हणाली, "काका, आजीचं सोडा. पण ऑफिसांतल्या मुली म्हणतात, ही पिशवी 'डिझायनर' पिशव्यांत धरतच नाहींत. अगदीं पहिल्या पायरीवरही नाहीं. मग धरतात तरी काय?"

तीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला. हातपिशवीचा इतिहास कोणी विचारील असें स्वप्नांतही आलें नव्हतें. त्या हंसण्याचें प्रायश्चित्त म्हणून जें वाचून काढलें, तें आज श्रोत्यांपुढें ठेवितों.

आपल्याकडे पिशवीला पेढीचें नांव नव्हतें, पण पायऱ्या होत्या. शेतकऱ्याच्या कमरेची पानसुपारीची चंची कापडाची. पैसे ठेवण्याचा कसा लांबट आणि अरुंद, कमरेस बांधावयाचा. दोन बाजूंनीं दोर ओढून तोंड मिटणारा बटवा तर गरिबाघरीं चिटाचा आणि श्रीमंताघरीं जरीचा. आमच्या सावंतवाडी संस्थानांत या कामाचे कसबी कारागीर होते. १९०८ सालच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्यें तेथील धंदे सांगितले आहेत, त्यांत कापडावर आणि चामड्यावरही सोन्याचांदीच्या तारेचें भरतकाम, वाळ्याचे पंखे, टोपल्या आणि पेट्या, त्यांवर जर आणि भुंग्यांचे चकचकीत पंख, लाखेचीं खेळणीं आणि गंजिफा यांची नोंद आहे. म्हणजे मातोश्रींचा प्रश्न अगदींच अडाणी नव्हता. ज्या मुलखांत चामड्यावर खरोखर सोन्याची तार चढत होती, त्या मुलखांतील बाई महाग पिशवी पाहून दुसरें काय विचारणार?

गंजिफांतच पायरीचा अर्थ मला स्पष्ट सांपडला. या गोल पानांचे हिंदुस्थानांत दोन वर्ग मानीत. राजेरजवाड्यांसाठीं हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीवर काढलेली ती दरबार कलम; सामान्यांसाठीं कागदाची किंवा कापडाची ती बाजार कलम. सावंतवाडीच्या चितारी मंडळींची दशावतारी गंजिफा १२० पानांची. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवावयाचे, वर खडूचा लेप, मग घोटाई, रंग आणि शेवटीं लाख. बाजार कलमांत अवतार तेच, डावाचे नियम तेच. कुंचल्याचे फटकारे मात्र थोडे. स्वस्त कशामुळें, हें घेणाराला आणि देणाराला दोघांनाही उघड दिसत असे.

आतां हीच कसोटी परदेशच्या पिशवीला लावून पाहूं. पॅरिस येथें १८५४ सालीं लुई व्हितों यानें पेट्यांचें दुकान घातलें. सपाट झांकणाच्या, एकावर एक रचतां येणाऱ्या प्रवासी पेट्या ही त्याची कीर्ति. नक्कल करणारे फार झाले, म्हणून त्याच्या मुलानें १८९६ सालीं नांवाच्या आद्याक्षरांची आणि फुलांची वेलबुट्टी पेट्यांवर छापली. चोराला अडविण्यासाठीं मारलेला हा शिक्का पुढें स्वतःच विक्रीचा माल झाला! या पेढीची दरबार कलम कोठें गेली, हें मराठी माणसानें मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगें आहे: बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठीं १९२६ सालीं तिनें चहाच्या सरंजामाची एक खास पेटी करून दिली. आणि बाजार कलम? ती १९३० सालची 'स्पीडी' नांवाची लहान हातपिशवी. 'पहिली पायरी' म्हणून पुष्कळ वर्षें जिच्याकडे बोट दाखविलें जातें, ती हीच. मौज अशी कीं, तिच्या नेहमींच्या प्रकाराचें अंग चामड्याचें नसतें. तें लेप दिलेल्या सुती कॅनव्हासचें असतें. चामडें मुठींना आणि कडांना. किंमत मात्र आज लाख रुपयांच्या पुढें.

तेव्हां पहिल्या पायरीवर धरतात काय? त्या पेढीचें किल्ल्यांचें कडें, पैशांचें पाकीट, अत्तराची कुपी हीं नव्हेत. तीं तर उंबऱ्याबाहेरचीं. रोजचें सामान मावेल अशी पिशवी पाहिजे, ती पेढीच्या कायमच्या नमुन्यांपैकीं पाहिजे, आणि त्या पेढीच्या शिडीवर ती सर्वांत खालची पाहिजे. उंच शिडी असल्यावांचून खालच्या पायरीला महत्त्व नाहीं. शिवाय ती पायरी एका जागीं राहत नाहीं. शनेल या बाईंनीं १९५५ च्या फेब्रुवारींत खांद्याला अडकविण्याच्या साखळीची पिशवी काढली आणि बायकांचे हात मोकळे केले. त्याच घराण्याच्या प्रसिद्ध पिशवीची किंमत २०१९ नंतरच्या पांच वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली.

पुतणीची पिशवी न्यूयॉर्कच्या 'कोच' पेढीची. १९४१ सालीं ही पेढी निघाली. बेसबॉलच्या हातमोज्याचें वापरानें मऊ झालेलें चामडें पाहून तिच्या कारखानदाराला पिशवीची कल्पना सुचली. येथें सगळी शिडीच ठेंगणी. म्हणून ऑफिसांतील मुलींचा हिशेब बाजाराच्या दृष्टीनें चुकीचा म्हणतां येत नाहीं. परंतु स्पीडीच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाच्या किंमतींत पुतणीला सबंध चामड्याची पिशवी मिळाली, हेंही तितकेंच खरें. चितारआळीच्या कसोटीनें मी तिला पुरे गुण देईन.

तरी नांवाची ओढ खोटी असें कोणत्या तोंडानें म्हणूं? माझ्या पहिल्या पगारांतून मीं पार्करचें पेन घेतलें होतें, तें टोपणावरील बाणाकरितां. निब पोलादाची होती. मला सलतें तें निराळेंच. नांव एकाचें आणि हात दुसऱ्याचा, हें दुखणें आपल्या उंबऱ्यापर्यंत आलें आहे. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालें. आणि जून २०२५ मध्यें मिलान येथें प्रादा पेढीनें तसल्याच चपला मांडल्या, तेव्हां प्रथम कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. ओरड झाल्यावर मूळ कबूल केलें. सावंतवाडीच्या ज्या कारागिरांनीं चामड्यावर तार चढविली, त्यांच्यासाठीं ओरडावयाला कोणी नव्हतें; गॅझेटियरमध्यें वस्तूंची यादी आहे, माणसाचें एकही नांव नाहीं.

हें सारें मीं पुतणीला सांगितलें. तिनें तें शांतपणें ऐकलें, पण पिशवी परत करण्याचा विचार तिनें केला नाहीं, आणि मींही सुचविला नाहीं. निघतांना तिनें आजीकडे तिची जुनी चंची मागितली. पानाला, सुपारीला, चुन्याला आणि काताला वेगवेगळे कप्पे असलेली, हातानें शिवलेली. आजीनें ती कमरेला घट्ट खोंचली आणि म्हणाली, "ती गावाची नाय. माझ्या वापरांत आसा."