आडनावातला ‘वार’ आला कुठून?



‘वार’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सोमवार, मंगळवार आठवतो. नाहीतर आजीचं नऊवार लुगडं आठवतं. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक ‘वार’ आहे. तो आडनावाच्या शेवटी बसतो. मामिडवार, चिंतावार, कोंडावार, गड्डमवार. वणी, झरी जामणी, पांढरकवडा, उमरखेड या भागात गटाची हजेरी घेताना असं एखादं आडनाव कानावर पडतंच. हेच नाव कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला सांगा, तो दोनदा विचारेल, ‘कसं लिहायचं?’ म्हणजे आपल्याकडे रोजचं असलेलं नाव तिकडे दुर्मीळ आहे.

असं का व्हावं? एकच तऱ्हेचं आडनाव एका पट्ट्यात दाटीनं आणि बाकी राज्यात तुरळक, याला काही कारण असेल की नाही? आज आपण त्याच कारणाचा माग काढू. आणि शेवटी एक गोष्ट विचारू, की या सगळ्या नावांत बाईची वाट कुठे आहे?

आधी आडनावं बनतात कशी ते पाहू. काही आडनावं गावावरून पडतात. वणीचे ते वणीकर, उमरखेडचे ते उमरखेडकर. गंमत अशी की वणीत राहणाऱ्याला वणीत कोणी वणीकर म्हणत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलं की लोक तसं म्हणू लागतात. म्हणून ‘कर’वालं आडनाव बहुधा घर कुठून निघालं ते सांगतं. काही आडनावं मानावरून पडतात. आपल्या पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. बंजारा समाजात तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. तो मान घराचं नाव होऊन बसला. गोंड समाजातल्या मडावी, आत्राम, टेकाम, कुमरे या नावांचं आणखी वेगळं आहे. ती कुळाची नावं आहेत. कोणतं कुळ किती देवांचं, यावर सोयरीक कुठे जुळते आणि कुठे नाही हे ठरतं. म्हणजे कुठे आडनाव गाव सांगतं, कुठे मान सांगतं, कुठे देव सांगतं.

मग ‘वार’ काय सांगतो? तो भाषा सांगतो. हा ‘वार’ तेलुगूतला ‘वारु’ आहे. आपण मराठीत मान द्यायचा तर ‘ते’ म्हणतो, ‘ती मंडळी’ म्हणतो. तेलुगूत त्याच अर्थानं ‘वारु’ म्हणतात. अमक्या घरचे लोक म्हणजे अमके वारु. तेलुगूत आडनावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात. ‘इंटि’ म्हणजे घराचं, ‘पेरु’ म्हणजे नाव. अगदी सरळ शब्द, घराचं नाव.

तेलुगू माणूस हे घराचं नाव आधी लावतो, स्वतःचं मागून. आपले माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव आठवा. त्यातला ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती, हे त्यांच्या घराचं नाव. नरसिंह राव तेलंगणातले, पण आपल्या विदर्भातल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. मराठी त्यांना चांगली येत होती. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही बाईच्या दुःखाची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. एका माणसात दोन भाषा अशा सुखानं नांदतात, तशाच त्या आपल्याकडच्या एका आडनावातही नांदतात. इकडे मराठी मुलखात आल्यावर घराचं नाव मराठी रीतीप्रमाणे शेवटी गेलं आणि ‘वारु’चा ‘वार’ होऊन त्याला चिकटला. पुढचा शब्द तेलुगू, बसवण्याची पद्धत मराठी.

आता पुढचा शब्द ऐका. तेलुगूत ‘मामिडि’ म्हणजे आंबा. ‘कोंड’ म्हणजे डोंगर. ‘गड्डम’ म्हणजे दाढी. चिंतावार म्हटलं की आपल्या मराठी कानाला काळजी ऐकू येते, पण तेलुगूत ‘चिंत’ म्हणजे चिंचेचं झाडसुद्धा. कोणाच्या दारात आंबा असेल, कोणाचं गावच आंब्याच्या नावाचं असेल. प्रत्येक घराची खरी गोष्ट त्या घरच्या जुन्या माणसालाच ठाऊक. आणि एक ध्यानात ठेवा, शेवटी ‘वार’ आला म्हणजे नाव तेलुगूच असं नाही. ‘तालेवार’ हा आपला रोजचा शब्द आहे, भाग्यवान या अर्थाचा. ‘कोटवार’ म्हणजे गावचा राखणदार. त्यांचा या ‘वारु’शी संबंध नाही.

हा ‘वार’ कुण्या एका जातीचाही नाही. आर्य वैश्य व्यापाऱ्यांत तो आहे, पद्मशाली विणकरांत आहे, शेती करणाऱ्या कापेवार-मुन्नूरवार मंडळींत आहे. त्यामुळे आडनाव ऐकून जात ठरवायला जाऊ नये, फसायला होतं.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. यवतमाळच्या दक्षिणेला पैनगंगा. नदी ओलांडली की एकीकडे नांदेडचे माहूर-किनवट, दुसरीकडे तेलंगणाचं आदिलाबाद. वणीच्या पुढे पैनगंगा वर्धेला मिळते, आणि वर्धेच्या पलीकडे चंद्रपूर. त्याच्या पुढे गडचिरोली. ‘वार’वाल्या आडनावांची दाटी याच पट्ट्यात आहे. नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता आपल्या पांढरकवड्यावरून, पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जातो. आज तिथे ट्रक धावतात. पूर्वी या मुलखात बैलगाड्या होत्या, लमाणांचे बैलांचे तांडे होते. कापूस, मीठ, धान्य, सूत यांची ने-आण होती. व्यापारी आला, विणकर आला, जमीन कसणारा आला, आणि सोबत घराचं नाव घेऊन आला.

पण ‘आला’ म्हणताना जरा थांबायला हवं. कोण कुठून आलं हे आपण आजच्या सीमेवरून ठरवतो, आणि ती सीमा काल-परवाची आहे. १८५३ पूर्वी पैनगंगेच्या दोन्ही काठांवर निजामाचंच राज्य होतं. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. तेव्हा नदीच्या या काठावर इंग्रज आणि त्या काठावर निजाम असं झालं. १८६४ मध्ये इंग्रजांनी या भागाचा वेगळा जिल्हा केला. तो पुढे वणीच्या नावानं ओळखला जाई. १९०५ मध्ये दारव्हा आणि पुसद जोडले गेले आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. पलीकडचं हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी रचना झाली. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तोडून इकडे जोडले, आणि बाकीचा आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. २०१४ मध्ये तेलंगणा झाला.

म्हणजे बघा, घर तेच, वावर तेच, आंब्याचं झाड तेच. सरकार बदललं, जिल्हा बदलला, राज्य बदललं, शाळेची भाषा बदलली. कितीतरी घरं कुठून आलीच नाहीत, सीमाच त्यांच्या अंगणातून सरकत गेली. त्या सगळ्या घडामोडीत आडनावानं आपला ‘वार’ सोडला नाही. म्हणून ही आडनावं पाहुण्यांची नाहीत. ती या मातीतलीच आहेत, फक्त दोन भाषांच्या मातीतली.

आडनावावरून असा माग काढण्याचं काम जगात इतर ठिकाणीही होतं. इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चच्या वह्यांत लग्न, बारसं आणि मर्तिकाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. त्या नोंदी पाहत मागे गेलं की एखादं दुर्मीळ आडनाव शेवटी चार-दोन गावांभोवतीच सापडतं. १८९० मध्ये गप्पी नावाच्या एका अभ्यासकानं तिथल्या आडनावांचं मूळ ठिकाण शोधणारं पुस्तक काढलं. त्यासाठी त्यानं शेतकऱ्यांची नावं तपासली. कारण काय, तर शेतकरी सहसा जागा सोडत नाही. आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. वावर सोडून जाणं किती जिवावर येतं ते आपण जाणतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गप्पीचा शेतकरी एका जागी राहिला. पण त्याची बायको? त्याची आई? ती तर दुसऱ्या गावाहून आलेली. तिचं आडनाव लग्नाच्या दिवशी पुसलं गेलं. इंग्लंडमध्येही हेच, आपल्याकडेही हेच. आडनाव म्हणजे बापाच्या बापाच्या बापाची वाट. त्या वाटेवर आई नाही, आजी नाही. आपल्याकडे तर काही घरांत तांदळात नवं नाव लिहून मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात.

आणि तरीही विचार करा, त्या ‘वार’च्या घरात तेलुगू टिकवली कोणी? आदिलाबाद-निर्मलकडून सून आली. तिनं लेकरांना तेलुगूत निजवलं. नवरात्राच्या दिवसांत फुलांचा थर रचून बतुकम्मा मांडली. शेजारच्या मराठी पोरींबरोबर आपल्या भुलाबाईच्या गाण्यांतही टाळी दिली. पुरुषाच्या नावात भाषेचा एक तुकडा उरला. बाईच्या तोंडात अख्खी भाषा राहिली. पण इतिहासाच्या कागदावर नाव त्याचं आहे.

हा नुसता मानाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. गटांचं काम करताना आम्ही रोज पाहतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, आधार कार्डावर सासरचं, पासबुकात तिसरंच काहीतरी. त्यात ‘वार’ इंग्रजीत लिहायचा झाला तर एका ठिकाणी ‘डब्ल्यू’, दुसऱ्या ठिकाणी ‘व्ही’. बाई तीच, अंगठा तोच, पण कॉम्प्युटरला त्या दोन बाया वाटतात. मग कर्जाचं प्रकरण परत येतं, अनुदान अडतं, विधवेची पेन्शन लांबते. पुरुषाचं नाव जन्मभर एकच राहतं, म्हणून त्याला हे हेलपाटे कमी पडतात.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

पहिली. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं की ठेवायचं हे बाईनं ठरवायचं. बदललं तर राजपत्रात नोंद करून किंवा लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्यावरून सगळे कागद एकसारखे करून घ्यायचे. मराठी आणि इंग्रजी अक्षरं सगळीकडे तीच ठेवायची.

दुसरी. माहेरचं आडनाव गेलं म्हणून माहेरचा हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे, मग तिचं आडनाव आज काहीही असो. आदिवासी भगिनींना हा कायदा थेट लागू होत नाही, त्यांनी वेगळी चौकशी करावी.

तिसरी. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात बंधनकारक झालं आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. जन्मनोंद करताना हे आवर्जून तपासा. बापाच्या नावाआधी आईचं नाव आता कागदावर आलं आहे, ते आपल्या हातानं गाळू नका.

आणि एक काम सांगतो. पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की वहीचं एक कोरं पान उघडा. प्रत्येकीनं चार ओळी सांगायच्या. माझं माहेरचं आडनाव आणि गाव. माझ्या आईचं माहेरचं आडनाव आणि गाव. माझ्या आजीचं. आणि तिच्या घरात कोणती भाषा बोलत. गटात जिला लिहिता येतं तिनं लिहून घ्यायचं. आजी हयात असेल तर आजच विचारा, उद्यावर टाकू नका. दहा-बारा बायांच्या चार ओळी एकत्र आल्या की आपल्या तालुक्याचा एक नकाशा तयार होईल. आडनावांच्या नकाशात जी वाट दिसत नाही, ती त्या पानावर दिसेल.