बुद्धीचे माप कोणाच्या हातात?

बुद्धिमापनाचा धडा शिकवताना दरवर्षी वर्गातून एक प्रश्न येतो: “सर, बुद्धी जन्मजात असेल तर राखीव जागांना विरोध करणाऱ्यांचे चुकले कुठे?” विचारणारा बहुधा आपलाच असतो. प्रश्न त्याने बाहेर ऐकलेला असतो. आत कुठेतरी तो त्याला खरा वाटू लागलेला असतो. मग मी पाठ्यपुस्तक मिटतो आणि इतिहास सांगतो.

१९०५ साली पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि सिमॉन यांनी ही चाचणी रचली, ती शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना वेगळे शिक्षण देता यावे म्हणून. बुद्धी वाढतच नाही हे मत बिनेला मान्य नव्हते. १९११ मध्ये तो वारला. १९१६ मध्ये टर्मनने अमेरिकेत तिचे रूपांतर केले आणि मदतीचे साधन प्रतवारीचे साधन झाले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे आपल्याला नवे नाही. तिथे त्याला आकड्यांचे सोवळे मिळाले एवढेच.

१९२३ मध्ये ब्रिगहॅमने सैनिकांच्या चाचण्यांवरून कृष्णवर्णीयांना बुद्धीने हलके ठरविले. पुढच्याच वर्षी होरेस मान बॉन्ड या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाने तेच आकडे उलटून दाखविले: इलिनॉयच्या कृष्णवर्णीयांची सरासरी दक्षिणेतील काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा वर होती. जिथे शाळा बऱ्या, तिथे गुण बरे. १९३० मध्ये खुद्द ब्रिगहॅमने आपला निष्कर्ष मागे घेतला. मी विद्यार्थी असताना हे मला कोणी सांगितले नाही.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिनेची चाचणी मराठी-कन्नडमध्ये आणली; त्यांचे पुस्तक १९४० चे. परिश्रम मोठे, यात शंका नाही. पण माप ज्या मुलांवरून बेतावे, त्यांचेच जग ‘सामान्य’ ठरते. आणि तो काळ आपली मुले वर्गाबाहेर बसण्याचा होता. मुलाला मतिमंद ठरवताना बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते.

बिनेच्या मूळ प्रश्नांत एक होता: गाडी चुकली तर काय कराल? दुसऱ्यात दोन चेहऱ्यांतला सुंदर कोणता, ते ओळखायचे. माझी आई रेल्वेत प्रथम बसली ती माझ्या पदवीदानाला येताना. घरची सगळी उसनवारी मात्र ती तोंडी ठेवी, पैचीही चूक नाही. कोणत्या चेहऱ्याला सुंदर म्हणायचे, हेही आम्हाला दुसऱ्यांनीच शिकवले.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. खेड्यांतून येणाऱ्या पोरांचा बुद्ध्यंक तिथे कोणी मोजत बसले नाही. त्यांना वसतिगृह आणि ग्रंथालय दिले. मला गणिताची गोडी लावणारे गुरुजी तिथलेच.