राम तोच, सीताही तोच

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपले चित्रपटनिर्मितीचे ठाणे नाशिकला हलविले. त्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या.

आज संगणक चेहरे ओळखून चित्रफितींच्या नोंदी आपोआप करतो. राम-सीतेला तो एकच व्यक्ती ठरवील, आणि ते खरेही असेल! पण ‘सीता’ शोधणाऱ्याच्या हाती काय लागेल? ‘कालियामर्दन’मधील (१९१९) बाळकृष्ण त्याला मुलगा भासेल, वस्तुतः ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. नट आणि पात्र यांचे रकाने निराळेच हवेत.

‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट त्याहून अवघड. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील उरलीसुरली रिळे १९१३ ची नसून १९१७ च्या पुनर्निर्मितीची आहेत, असे काही अभ्यासक मानतात. दोन्हींची कथा एकच. नुसत्या दृश्यांवरून साल कसे ठरणार?