मधली रिकामी जागा

तुमचे दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत जाड रबरी हातमोज्यांत आहेत आणि ते हातमोजे एका बंद पेटीच्या भिंतीला कायमचे जोडलेले आहेत. पेटीत ऑक्सिजन नाही. साल 1992. गाव कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना. कॅलटेकमध्ये डग्लस रीस यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. चिमटीत केसासारखी बारीक काचनळी आहे. रबरामुळे ती बोटांना जाणवत नाही, नुसती दिसते. नळीत एक स्फटिक आहे, मिलिमीटरपेक्षाही लहान, कडक कोऱ्या चहाच्या रंगाचा.

हा रंग लोहाचा आहे. एरवी प्रथिनांचे स्फटिक काचेसारखे बिनरंगी असतात.

स्फटिकात कोट्यवधी रेणू शिस्तीत रचलेले आहेत आणि प्रत्येक रेणू नायट्रोजिनेज या विकराचा आहे. ते बनवलं अ‍ॅझोटोबॅक्टर विनेलँडी या मातीतल्या जिवाणूने. अ‍ॅझोटोबॅक्टर हे नाव आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. पेरणीच्या आधी गुळाच्या पाण्यात कालवून ज्वारी-बाजरीच्या बियाण्याला चोळतात ती काळी पूड याच कुळातल्या जिवाणूंची. हवेतल्या नायट्रोजनच्या दोन अणूंची गाठ सोडवून त्याचा अमोनिया करायचा, हे या विकराचं काम. खताच्या कारखान्यात त्यासाठी चारशे-पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दोनशेपट दाब लागतो. जिवाणू ते ओल्या ढेकळात, आहे त्या तापमानाला उरकतो. खर्च मात्र त्यालाही सुटत नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या चलनाचे, किमान सोळा रेणू मोजावे लागतात.

आणि हेच विकर हवेत मरतं. त्याचे दोन भाग असतात. इलेक्ट्रॉन पुरवणारा धाकटा भाग उघड्या हवेत मिनिटभरातच निकामी व्हायला लागतो. म्हणून ही पेटी, हे हातमोजे, आणि प्रत्येक द्रावणात ऑक्सिजन गिळून टाकणारं डायथायोनाइट. पेटीबाहेर आलेल्या बाटलीला नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा वास येतो. तुमच्या नळीत थोरला भाग आहे, मॉलिब्डेनम आणि लोहाचा. नळीचं टोक बंद करताना श्वास रोखला जातो. इथे तुमच्या श्वासाचा काही संबंध नाही, तरीही.

आता दुसऱ्या खोलीत चला. अंधार केलाय. संगणकाच्या पडद्यावर निळ्या तारांची जाळी तरंगतेय. स्फटिकावर क्ष-किरण सोडले, ते हजारो दिशांना विखुरले, आणि त्या ठिपक्यांच्या तेजावरून मागे गणित करत करत ही जाळी विणली गेली. जिथे इलेक्ट्रॉनांची दाटी, तिथे जाळी. डग्लस रीस आणि जोंगसुन किम यांनी या जाळीत सुमारे दोन हजार अमिनो आम्लं एकेक करून बसवली आहेत. पडद्यावरचा रेणू हळूहळू फिरवा. आत, पार आत, पाण्यापासून दूर, धातूंचा एक पुंजका लटकलेला दिसेल. एवढ्या मोठ्या प्रथिनाने त्याला थेट फक्त दोन ठिकाणी धरलंय, एका टोकाला सिस्टीन, दुसऱ्या टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाने.

इथे जरा थांबा, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. एका टोकाला मॉलिब्डेनमचा एक अणू. मग लोहाचे तीन, पुन्हा तीन, आणि दुसऱ्या टोकाला एक. त्यांना सांधणारे गंधकाचे अणू. तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन वाट्यांसारखी ही घडण आहे. दोन वाट्यांच्या मधोमध काही नाही. पोकळी.

रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला हे खटकतं. लोहाला सहसा चार शेजारी तरी लागतात, आणि या मधल्या सहा लोहाणूंना तीनच दिसताहेत. सहाही जण आत तोंड करून कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखे. नायट्रोजन याच पोकळीत शिरत असेल का, असा तर्क पुढे अनेकांनी केला. किम आणि रीस यांनी जाळीत जे दिसलं तेवढंच मांडलं. नाही ते रंगवलं नाही.

दहा वर्षं ओलांडा. 2002. तीच प्रयोगशाळा, तोच जिवाणू. स्फटिक आता द्रव नायट्रोजनच्या गारठ्यात गोठवलेले आहेत आणि कितीतरी प्रखर किरणांनी तपासलेले आहेत. तपशील 1.16 अँगस्ट्रॉमपर्यंत उतरलाय. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. ऑलिव्हर आइन्स्ले आणि सहकाऱ्यांच्या पडद्यावर पोकळीच्या मधोमध एक गोळा उभा राहिलाय.

तो आधीही होता. मग दिसला का नाही? विहिरीत दगड टाकला की तरंग उठतात, तसे या गणितात जड अणूभोवती खोटे तरंग उठतात. बारीक तपशिलाचे किरण मोजायचे राहून गेले, की ते आणखी गडद होतात. सहाही लोहाणू केंद्रापासून सारख्याच अंतरावर आहेत, सुमारे दोन अँगस्ट्रॉम. गंधकाचे नऊ अणूही तसेच, थोडे दूर. मग सगळ्यांच्या तरंगांचे खळगे नेमके केंद्रावर एकत्र पडतात आणि तिथल्या हलक्या अणूला गिळून टाकतात. घडण इतकी रेखीव होती, की त्या रेखीवपणानेच मधला अणू झाकला. मला यात कुणाची चूक दिसत नाही. ज्या घरातून पोकळी जाहीर झाली, त्याच घराने जाऊन ती भरून काढली, हे मला फार मोठं वाटतं.

अणू सापडला, पण कोणता? कार्बन, नायट्रोजन की ऑक्सिजन, हे क्ष-किरणांना छातीठोक सांगता येईना. नऊ वर्षं वाद चालला. अनेकांनी नायट्रोजनच्या बाजूने कौल दिला. विकरच नायट्रोजनचं, तेव्हा ते साहजिक होतं.

नोव्हेंबर 2011. ‘सायन्स’ या शोधपत्रिकेचा एकच अंक, त्यात दोन शोधनिबंध. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला आइन्स्लेंचा गट 1.0 अँगस्ट्रॉमपर्यंत पोचलाय, आणि जड कार्बन घालून वाढवलेल्या जिवाणूंच्या विकरात त्या कार्बनची चुंबकीय खूण मिळवलीय. सेरेना डीबीअर यांच्या गटाने निराळी वाट धरली. लोहाच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवला, आणि ती जागा भरायला शेजाऱ्याकडून इलेक्ट्रॉन खाली पडताना जी ऊर्जा बाहेर पडली, ती मोजली. शेजारी कोण, ते त्या ऊर्जेवरून ओळखलं. दोन्हीकडे उत्तर एकच. कार्बन. सहा लोहाणूंनी चहूबाजूंनी धरलेला, कार्बनच्या नेहमीच्या चार हातांचा हिशेब मोडणारा एकटा कार्बन.

आता परत 1992 च्या त्या अंधाऱ्या खोलीत या. निळी जाळी अजून फिरतेय. तुम्हाला माहीत आहे, खोलीत दुसऱ्या कुणालाच नाही. तुम्ही पुढे होता आणि दोन वाट्यांच्या बरोबर मधोमध बोट टेकवता. पडद्याची काच कोमट आहे. बोटाखाली जाळीचा एकही धागा नाही.