मगनवाडीची मधुपेटी आणि माशीचे वर्गीकरण
१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली, तेलघाणी व हातकागद यांच्या जोडीला मधुमक्षिकापालनही सुरू झाले. या उद्योगाचे यश कारागिराच्या हाताइतकेच माशीच्या जातीवर अवलंबून होते, म्हणून त्याचा इतिहास वर्गीकरणाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

मध काढणारे माशी ओळखत ते मोहोळावरून: उंच झाडाला उघड्यावर एकच मोठे पोळे लावणारी आग्या, झुडपाच्या फांदीला लहानसे एकेरी पोळे करणारी फुलोरी, आणि ढोलीच्या अंधारात समांतर पोळी बांधणारी सातेरी. युरोपीय शास्त्रज्ञांनी मात्र शरीर पाहिले. १७५८ साली लिनीयसने पंखांवरून कीटकांचे गण पाडले, तेव्हा कोळी व खेकडेही त्याच वर्गात मोडत होते. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने मुखावयवांना महत्त्व दिले आणि १७८७ मध्ये फुलोरीला, १७९३ मध्ये आग्या व सातेरीला शास्त्रीय नावे दिली. सांधेदार पाय व कठीण बाह्यकवच असणाऱ्या प्राण्यांचा संधिपाद हा स्वतंत्र संघ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला.

या संघातील प्राण्यांचा देह द्विपार्श्व सममितीचा असतो, म्हणजे मध्यरेषेवर छेद घेतल्यास डावी व उजवी बाजू एकमेकींची प्रतिबिंबे ठरतात. माशीच्या माथ्यावरील तीन साध्या डोळ्यांपैकी एक नेमका या रेषेवर असतो, तर कामकरी माशी दोन्ही मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या वाहून नेते. परंतु ही सममिती खेकड्यात आहे आणि माणसातही आहे; ती प्राण्यांचे मोठे समूह जोडते, आग्या आणि सातेरी यांतला भेद सांगत नाही.

व्यवसायाला तोच भेद हवा होता, आणि तेथे मध काढणाऱ्यांची जुनी ओळख अधिक उपयोगी ठरते. पोळ्यांच्या चौकटी सुट्या काढता येतील अशी पेटी लँगस्ट्रॉथ याने १८५१ साली अमेरिकेत घडवली ती पोकळीत राहणाऱ्या माशीसाठी. पोळ्यांमध्ये माशी फिरण्यापुरतीच जागा सोडली तर ती तेथे मेण भरत नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. सातेरी पोकळीत राहते, म्हणून ती पेटीत नांदते. उघड्यावर राहणारी आग्या नांदत नाही. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राच्या कार्यात पुढे आग्याच्या मधाकडेही लक्ष दिले गेले, तेव्हा संपूर्ण पोळे कापून पिळण्याऐवजी फांदीलगतचा मधाचा भागच काढून खालची अंडी-अळ्या शाबूत ठेवण्याची पद्धत अवलंबिली गेली.